वैद्यकीय शिक्षणातलं तंत्रज्ञान: काय गळतं, कुठे फसतं आणि काय काळजी घ्यायची

सरावाचा पुतळा असो, शरीररचनेचं त्रिमितीय टेबल असो, फ्लॅशकार्ड असोत की एआय, प्रत्येक साधन रुग्णाचा थोडा भाग विद्यार्थ्यापुढे ठेवतं आणि बाकीचा गाळून टाकतं. गाळल्याशिवाय रुग्ण वर्गात आणताच येत नाही, त्यामुळे त्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. धोका सुरू होतो तो काय गळलं याची नोंद कोणीच ठेवत नाही तेव्हा. मग विद्यार्थी उरलेल्या भागालाच पूर्ण रुग्ण समजतात, आणि ही उणीव पहिल्यांदा उघडी पडते ती रात्रपाळीत, खऱ्या माणसाच्या खाटेपाशी. पुढची सगळी पद्धत या एका गोष्टीभोवती आहे: गळती आधी शोधायची, आणि गळलेला भाग दुसऱ्या वाटेने शिकवायचा.

आधी गळतीचा तक्ता

कौशल्य एकच घ्या आणि नेमकं घ्या. "आपत्कालीन उपचार" असं लिहून काही हाती लागणार नाही. "हाताच्या शिरेत कॅन्युला (सलाईन-औषधासाठीची बारीक नळी) घालणं" असं लिहा. कागदावर पाच रकाने आखा: डोळ्यांना काय दिसतं, कानांना काय ऐकू येतं, हाताला काय लागतं, कोणता निर्णय घ्यावा लागतो, रुग्णाशी काय बोलावं लागतं. हे रकाने आधी खऱ्या रुग्णाच्या संदर्भात भरायचे, आणि ते काम रोज करणाऱ्या व्यक्तीलाच भरायला सांगायचं. कॅन्युलाच्या बाबतीत ती व्यक्ती बहुतेकदा वॉर्डातली अनुभवी परिचारिका असते. त्यानंतर साधन समोर ठेवा आणि त्यात जे मिळत नाही त्यावर लाल फुली मारा.

रबराच्या सराव-हातावर हा तक्ता केला की फुल्या भराभर पडतात. शीर बोटाखालून सरकत नाही. आधीच्या टोचण्यांची भोकं त्वचेवर स्पष्ट दिसतात, त्यामुळे शीर शोधायची गरजच उरत नाही. विद्यार्थी भोक शोधतात. सुई टोचताना हात आक्रसत नाही. टूर्निकेट (शीर फुगवायला दंडावर बांधायचा पट्टा) किती वेळ बांधून ठेवला याने काही बिघडत नाही. सुई बाहेर काढताना कॅन्युलाच्या टोकाच्या वर शीर दाबली नाही तर खऱ्या हातातून रक्त चादरीवर येतं, इथे काहीच होत नाही. शीर फुटून सूज येत नाही. सगळ्यात मोठी गळती म्हणजे, "दोनदा जमलं नाही, आता थांबतो आणि दुसऱ्याला बोलावतो" हा निर्णय घ्यायची वेळच येत नाही.

प्रत्येक फुलीपुढे ती कशी भरून काढणार ते लिहायचं. काही गोष्टी साधनातच सुधारता येतात: भोकं पडलेली त्वचा वेळेवर बदलणं, टूर्निकेटची वेळ घड्याळावर मोजणं, सुई काढताना दाब दिला नाही तर गुण कापणं. बोलण्याचा भाग भरायला सरावाचा पॅड एखाद्या स्वयंसेवकाच्या हातावर बांधतात, म्हणजे टोचणं रबराला आणि संवाद माणसाशी. त्यासाठी पॅडच्या खाली कडक प्लास्टिकची पाटी हवीच, नाहीतर सुई आरपार जाऊन स्वयंसेवकाला लागेल. यातूनही जे उरतं ते वॉर्डात, कोणीतरी शेजारी उभं राहून शिकवायचं. तक्त्यात एकही फुली "पुढे कधीतरी शिकतील" या भरवशावर सोडू नका.

पुतळ्यावरचा सराव

सीपीआर (हृदय बंद पडल्यावर छाती दाबणं आणि श्वास देणं) शिकवण्यासाठी पुतळ्याइतकं उपयोगी साधन दुसरं नाही. 1960 मध्ये पहिला असा पुतळा आला, आणि तेव्हापासून कोट्यवधी लोकांचे हात त्यावर तयार झाले. तरी त्याचे ठरलेले दोष आहेत. प्रौढ रुग्णाची छाती 5 ते 6 सेंटीमीटर खोल आणि मिनिटाला 100 ते 120 वेळा दाबायची असते. अनेक पुतळ्यांत पुरेशी खोली गाठली की "टक" असा आवाज येतो किंवा हिरवा दिवा लागतो. थोड्याच वेळात हात त्या आवाजाची वाट पाहायला शिकतात. खरी छाती असा आवाज करत नाही. बरगडी मोडल्याचा आवाज मात्र येऊ शकतो, आणि त्याची कल्पना नसलेले विद्यार्थी घाबरून दाब कमी करतात. पुतळ्याची स्प्रिंग सगळ्यांसाठी सारखीच कडक असते, माणसांच्या छात्या तशा नसतात. वर्षानुवर्षांच्या वापराने ती ढिली पडते, मग कमी जोरातही दिवा हिरवा होतो.

म्हणून क्रम असा ठेवा. पहिल्या फेऱ्या दिवा आणि आवाज चालू ठेवून. मग पडदा विद्यार्थ्यापासून फिरवा, म्हणजे आकडे फक्त शिक्षकाला दिसतील, आणि पूर्ण दोन मिनिटं दाब द्यायला सांगा. थांबल्यावर आधी विद्यार्थ्यालाच विचारा: खोली किती होती, वेग किती होता, छाती प्रत्येक वेळी पूर्ण वर येऊ दिली का? मग पडदा दाखवा. अंदाज आणि आकडा जुळायला लागले की कौशल्य हातात उतरायला लागलं असं समजावं. एक फेरी खाटेवरच्या मऊ गादीवर घ्याच. तळहाताखाली ठेवायची काही उपकरणं त्वरणावरून खोली काढतात. गादी दबली तरी ती छातीच दबली असं मोजतात आणि आकडा फुगतो. पाठीखाली कडक फळी घालून आणि न घालता, दोन्ही वाचनं विद्यार्थ्यांना दाखवा. हे कौशल्य तीन ते सहा महिन्यांत मंदावतं, त्यामुळे वर्षातून एक मोठी कार्यशाळा घेण्यापेक्षा दर तिमाहीला दहा मिनिटांची उजळणी जास्त कामाची.

औषधांच्या बाबतीत एक वाईट सवय फार लवकर रुजते. सिम्युलेशनमध्ये विद्यार्थी म्हणतात, "अॅड्रेनलिन 1 मिलिग्रॅम दिलं," संगणकावर बटण दाबलं जातं आणि मॉनिटरवरचे आकडे बदलतात. प्रत्यक्षात अँप्यूल शोधायचं, त्यावरची तीव्रता वाचायची, फोडायचं, सिरिंजमध्ये भरायचं, लेबल लावायचं, द्यायचं आणि मागून 20 मिलिलिटर सलाईन सोडायचं असतं. दहापट चुका होतात त्या याच टप्प्यांत. हृदय बंद पडल्यावर शिरेतून 1 मिलिग्रॅम, तर प्रौढाच्या अॅनाफायलॅक्सिसमध्ये (जीवघेण्या अॅलर्जीत) स्नायूत 0.5 मिलिग्रॅम, औषध तेच, पण मात्रा वेगळी आणि वाट वेगळी. तोंडी सरावात हा फरक फक्त वाक्यापुरता राहतो. तेव्हा नियम करा: हातात भरलेली, लेबल लावलेली सिरिंज दिसल्याशिवाय संगणकावर औषध "दिलं" जाणार नाही. औषधाचा परिणाम व्हायला लागणारा वेळही खराच ठेवा. वेळ वाचवायला तो दहा सेकंदांवर आणला, तर खऱ्या रुग्णात परिणाम दिसायच्या आतच दुसरा डोस देण्याची घाई अंगवळणी पडते.

आता सगळ्यात गंभीर धोका. 2014 च्या अखेरीस अमेरिकेत सरावासाठी बनवलेल्या सलाईनच्या पिशव्या चुकून खऱ्या रुग्णांना लावल्या गेल्या. ते द्रव निर्जंतुक नव्हतं. रुग्णांना ताप आणि थंडी भरून आली, काहींना रुग्णालयात दाखल करावं लागलं, आणि तिथल्या अन्न व औषध प्रशासनाला देशभर इशारा द्यावा लागला. पिशवी खऱ्यासारखी दिसावी म्हणूनच तर बनवलेली असते, त्यामुळे ही चूक कुठेही होऊ शकते. त्यासाठी:

- सरावाच्या प्रत्येक पिशवीवर, अँप्यूलवर आणि भरलेल्या सिरिंजवर मोठ्या अक्षरात "फक्त सरावासाठी, माणसाला देऊ नये" अशी चिठ्ठी हवी. नुसत्या खोक्यावर लिहून चालत नाही, कारण वस्तू खोक्यातून बाहेर येते.
- सरावाचं सामान वेगळ्या कुलपात ठेवा, आणि त्याची खरेदी-मागणीही रुग्णालयाच्या औषधसाठ्यापासून वेगळी ठेवा.
- सराव वॉर्डातच असेल तर सुरू करण्याआधी आणि संपल्यावर वस्तू मोजून दोघांनी सही करावी. आकडा जुळेपर्यंत खोली सोडू नये.
- सरावात खरी आपत्कालीन ट्रॉली वापरली असेल तर ती लगेच भरून, डिफिब्रिलेटर (हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र) चार्जिंगला लावून परत द्या. संध्याकाळी खरा रुग्ण आला आणि कप्पा रिकामा निघाला, तर सरावामुळेच इजा होईल.

आवाज: सॉफ्टवेअर मर्मरला गोंगाट समजतं

हृदयाचे आवाज आणि मर्मर (हृदयातून रक्त वाहताना येणारा जास्तीचा आवाज) ऑनलाइन शिकवताना तीन ठिकाणी गळती होते आणि तिन्ही कोणाच्या लक्षात येत नाहीत. पहिली स्पीकरमध्ये. तिसरा आणि चौथा हृदयध्वनी साधारण 20 ते 70 हर्ट्झच्या पट्ट्यात असतात, मायट्रल स्टेनोसिसची, म्हणजे हृदयातली मायट्रल झडप अरुंद झाल्याची घरघरही खालच्या पट्टीतली. फोनचे आणि लॅपटॉपचे छोटे स्पीकर त्या पट्टीत जवळजवळ मुके असतात. विद्यार्थ्याला तिसरा ध्वनी ऐकू येत नाही, वर्गात सगळे मान डोलावतात, म्हणून तोही डोलावतो. दुसरी गळती मीटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये. सतत, हळू येणारा आवाज म्हणजे पंख्याचा गोंगाट असं गृहीत धरून ते तो पुसतं. महाधमनीच्या झडपेच्या गळतीची मऊ मर्मर आणि श्वासाचे आवाज नेमके तसेच असतात. तिसरी गळती रेकॉर्डिंगमध्येच असते: ठोके मिनिटाला 60-70, खोली शांत, छातीवर केस नाहीत, श्वासाचा अडथळा नाही.

उपाय सोपे आहेत. वर्ग सुरू होण्याआधी 50, 100 आणि 200 हर्ट्झचे साधे सूर वाजवा. ज्यांना 50 चा सूर ऐकू येत नाही त्यांनी कान झाकणारे, तारेचे हेडफोन लावायचे. आवाजाची फाईल मीटिंगमधून वाजवू नका. विद्यार्थ्यांना आधीच पाठवा आणि प्रत्येकाला आपापल्या यंत्रावर वाजवायला सांगा. थेटच ऐकवायचं असेल तर सॉफ्टवेअरमधलं गोंगाट कमी करण्याचं सेटिंग पूर्ण बंद करा. काहींत "ओरिजिनल साउंड" असा पर्याय असतो. आणि तोच आवाज ठोके 110 वर नेऊन, मागे वॉर्डचा कलकलाट घालून पुन्हा ऐकवा. शांत रेकॉर्डिंगमध्ये मर्मर ओळखणारे विद्यार्थी इथे अडखळतात, आणि ते वर्गातच अडखळलेले बरे.

इलेक्ट्रॉनिक स्टेथोस्कोपबद्दल एवढंच: त्यात बेल (खालच्या पट्टीसाठी) आणि डायफ्रॅम (वरच्या पट्टीसाठी) यांची वेगवेगळी फिल्टर असतात. कोणतं चालू आहे हे न पाहता ऐकलं तर खालच्या पट्टीतला आवाज कापला जातो, आणि विद्यार्थी "नाहीच" असं लिहून मोकळे होतात.

चित्रं: निवडलेला एक काप म्हणजे अर्धं निदान

सीटी स्कॅनच्या प्रत्येक बिंदूत 4096 पर्यंत वेगवेगळी मूल्यं साठवलेली असू शकतात. त्याचं साधं जेपेग केलं की राखाडीच्या 256 छटा उरतात, त्याही एकाच विंडोतल्या, म्हणजे पडद्यावर दाखवायला निवडलेल्या मूल्यांच्या एकाच पट्ट्यातल्या. मेंदूसाठी नेहमी वापरतात त्या विंडोत, म्हणजे रुंदी 80 आणि मध्य 40, साधारण 0 ते 80 हाउन्सफील्ड एककांमधलंच (सीटीवर घनता मोजायचं एकक) काय ते दिसतं. त्यावरचं सगळं सारखंच पांढरं. कवटीला चिकटून असलेला ताज्या रक्ताचा पातळ थर हाडाच्या पांढऱ्यात मिसळून जातो. विंडो 200 च्या आसपास रुंद केली की तो वेगळा उठून दिसतो. जेपेगवर शिकणाऱ्याला विंडो बदलता येत नाही, आणि बदलायची असते हेही कळत नाही.

मोबाइलवरच्या ग्रुपमधून एक्स-रे पाठवला की अॅप तो आणखी दाबतं. छातीत हवा भरल्याची जी बारीक रेघ फुप्फुसाच्या कडेला दिसायला हवी, ती याच दाबण्यात पुसली जाते. वर्गातला प्रोजेक्टरही तेवढाच फसवा. तो तपासायला एक स्लाइड करून ठेवा: पूर्ण काळ्या चौकोनात 5 टक्के उजळ चौकोन, आणि शेजारी पूर्ण पांढऱ्यात 95 टक्क्यांचा चौकोन. शेवटच्या रांगेत बसून आतले दोन्ही चौकोन दिसले पाहिजेत. दिसत नसतील तर दिवे मालवा, पडदे ओढा, प्रोजेक्टरचा कॉन्ट्रास्ट बदला. तरीही जमत नसेल तर त्या खोलीत एक्स-रे शिकवू नका.

पण दर्जाहून मोठी गळती निवडीची असते. स्लाइडवर एकच काप आला, त्यावर बाण आला, आणि विद्यार्थ्याने रोगाचं नाव सांगितलं. "इथे काहीतरी आहे" हे शिक्षकाने आधीच शोधून दिलेलं असतं. खऱ्या कामात शंभर-दोनशे काप स्वतः सरकवत जायचं असतं, आणि बहुतेक वेळा तिथे काहीच नसतं. म्हणून सगळे काप विंडो बदलता येईल अशा व्ह्यूअरमध्ये द्या, बाण काढून टाका, आणि प्रत्येक संचात निम्मे स्कॅन निरोगी ठेवा. विद्यार्थी निरोगी स्कॅनवर रोग शोधून काढायला लागले की चुकीची सवय कुठे लागली ते लगेच कळतं.

त्वचारोगाच्या चित्रसंग्रहांत सावळ्या आणि काळ्या त्वचेचे फोटो फार कमी असतात. "लालसर चट्टा" हे वर्णन गोऱ्या त्वचेवरून आलेलं आहे. गडद त्वचेवर तोच चट्टा जांभळट, तपकिरी किंवा फक्त आजूबाजूहून गडद दिसतो, आणि तो ओळखायला बोटांनी ऊब आणि सूज पाहावी लागते. संग्रह निवडताना प्रत्येक आजारासाठी किमान तीन वेगवेगळ्या त्वचावर्णांचे फोटो आहेत का ते मोजा. नसतील तर ती उणीव विद्यार्थ्यांना उघड सांगा. यंत्रांतही हा दोष शिरलेला आहे: 2020 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या अभ्यासात, पल्स ऑक्सिमीटरवर ठीक दिसणाऱ्या पण रक्ततपासणीत ऑक्सिजन कमी निघालेल्या रुग्णांचं प्रमाण कृष्णवर्णीयांत गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट आढळलं. बोटावरचा आकडा शिकवताना ही मर्यादा त्याच तासाला शिकवायला हवी.

त्रिमितीय शरीररचना

डिजिटल शवविच्छेदनात धमनी लाल, शीर निळी, मज्जातंतू पिवळा. प्रत्यक्ष शरीरात यातलं बरंचसं एकाच फिकट रंगाचं असतं, चरबीत आणि पडद्यांत गुंडाळलेलं असतं, आणि ते हाताने सुटं करावं लागतं. शिवाय अशी मॉडेल्स थोड्याच शरीरांवरून बनतात. अमेरिकेच्या व्हिजिबल ह्यूमन प्रकल्पात 1994 मध्ये एका पुरुषाचे 1 मिलिमीटर अंतराचे आणि 1995 मध्ये एका स्त्रीचे 0.33 मिलिमीटर अंतराचे काप प्रसिद्ध झाले. अनेक साधनांचा पाया तोच आहे. एका शरीरावरून फरक शिकता येत नाहीत, आणि पित्ताशयाच्या धमनीची वाट जरा वेगळी निघाली तर शस्त्रक्रियेत त्याची फार मोठी किंमत मोजावी लागते.

सत्राच्या शेवटची पंधरा मिनिटं रंग आणि नावं बंद करून तोच भाग ओळखायला लावा. मग त्याच भागाचे तीन-चार वेगवेगळ्या व्यक्तींचे सीटी अँजिओग्राम दाखवा. मॉडेल मनमानी फिरवायला देण्याआधी समोरून, बाजूने आणि मागून अशी ठरलेली दृश्यं पक्की करून घ्या. अवकाशाचा अंदाज कमी असलेल्या विद्यार्थ्यांचा मुक्त फिरवण्याने गोंधळच वाढतो.

एआय आणि यंत्राने दिलेलं निदान

ईसीजीच्या कागदावर यंत्राने छापलेलं निदान ही या गटातली सगळ्यात जुनी गोष्ट, आणि आजचे धोके त्यात आधीपासून दिसतात. साध्या, नियमित लयीत यंत्राची मोजमापं बऱ्यापैकी विश्वासार्ह असतात. रुग्ण थरथरत असेल, पेसमेकर असेल किंवा लय अनियमित असेल तर ते चुकतं. आणि यंत्राचं चुकीचं वाक्य आधी वाचलं की शिकाऊ डॉक्टरची अचूकता काही न वाचता केलेल्या वाचनापेक्षाही खाली जाते. उपाय कागदाचाच: वरची छापील पट्टी मागे दुमडा. वेग, लय, अक्ष, अंतरं, एसटी भाग या क्रमाने लिहा, सही करा, मगच पट्टी उघडा. मतभेद निघाला तर कोणाचं बरोबर हे शिक्षकासमोर ठरवा.

भाषा तयार करणाऱ्या एआयलाही हीच शिस्त लागू करा, पण तिथे आणखी सापळे आहेत. ते नसलेले संदर्भ बेमालूम बनवतं: नियतकालिक खरं, लेखक खरे, शोधनिबंध मात्र अस्तित्वातच नाही. औषधाची मात्रा चुकली तरी वाक्याचा आत्मविश्वास तसाच राहतो. "तुमचं चुकलं वाटतं" असं म्हटलं की बरोबर उत्तरही बदलतं. आणि प्रश्नातच उत्तराचा कल असेल तर त्याच कलाने जातं.

खोलवरचा धोका मात्र आणखी वेगळा आहे. विद्यार्थी लिहितात: "55 वर्षांचा पुरुष, छातीत मध्यभागी दाबल्यासारखं दुखणं, डाव्या हातात कळ, घाम." हे लिहिता आलं म्हणजे निदान जवळजवळ झालेलंच असतं. खाटेवरचा माणूस म्हणतो, "सकाळपासून गॅस झालाय, बरं वाटत नाही." त्या वाक्यापासून वरच्या वाक्यापर्यंत पोचणं हेच शिकायचं असतं, आणि एआयपुढे केस ठेवताना नेमकं तेच गळतं. म्हणून एआयच्या सरावाची सुरुवात कधीही तयार केसपासून करू नका. ती रुग्णाच्या शब्दांपासून करा:

1. रुग्णाचं पहिलं वाक्य जसंच्या तसं लिहा.
2. विचारलेले प्रश्न आणि तपासणीत सापडलेल्या व न सापडलेल्या गोष्टी लिहा.
3. तीन संभाव्य निदानं लिहा. प्रत्येकापुढे बाजूचा एक पुरावा, विरोधातला एक पुरावा आणि त्यांना वेगळं पाडणारी एक तपासणी. हे सगळं पेनाने, यंत्र बंद ठेवून.
4. आता ओळख पटेल असं काहीही न देता एआयला विचारा. तोच प्रश्न शब्द बदलून, आपला अंदाज न सांगता पुन्हा विचारा. दोन उत्तरं वेगळी आली तर दोन्ही बाजूला ठेवा.
5. प्रत्येक मात्रा औषधसूचीत तपासा आणि प्रत्येक संदर्भ मूळ ठिकाणी उघडून पाहा. उघडला नाही तर तो नाहीच असं धरा.
6. आपल्या यादीत काय राहिलं होतं आणि का राहिलं, ते एका ओळीत लिहा. गुण या ओळीला द्या.

आधीच शिकलेलं कौशल्यही यंत्रामुळे बोथट होऊ शकतं. 2025 मध्ये पोलंडमधला एक अभ्यास लॅन्सेटच्या पचनसंस्थाविषयक नियतकालिकात आला. अनुभवी डॉक्टरांच्या एआयशिवाय केलेल्या कोलोनोस्कोपींमध्ये (मोठ्या आतड्याच्या दुर्बीण तपासणीत) अॅडिनोमा (आतड्यातली, पुढे कर्करोग होऊ शकणारी गाठ) सापडण्याचं प्रमाण एआय रुळण्याआधी 28.4 टक्के होतं, नंतर ते 22.4 टक्क्यांवर आलं. अभ्यास निरीक्षणात्मक होता, त्यामुळे इतर कारणंही असू शकतात. तरी शिकणाऱ्यांच्या बाबतीत सावध राहायला एवढं पुरेसं आहे. ज्याला ते कौशल्य अजून आलेलंच नाही त्याच्या हाती एआय देण्याआधी यंत्राशिवाय ठरलेली पातळी गाठायला लावा, आणि नंतरही काही सत्रं मुद्दाम यंत्राविना घ्या.

फ्लॅशकार्ड आणि व्हिडिओ

ठरावीक अंतराने उजळणी करण्याची पद्धत खरोखर चालते. अडचण दिशेची असते. बहुतेक कार्डं रोगाचं नाव देऊन लक्षण विचारतात, रुग्ण मात्र लक्षण घेऊन येतो. किमान निम्मी कार्डं उलटी करा: "धाप लागतेय, पाय सुजलेत, पुढचे तीन प्रश्न कोणते?" दुसऱ्याने बनवलेला हजारो कार्डांचा संच आयता घेतला की विद्यार्थी कार्डाची शब्दरचना ओळखायला लागतात, विषय नाही. ओझ्याचंही गणित आहे: रोज 20 नवीन कार्डं घेतली की काही आठवड्यांत रोजची उजळणी दोनशेच्या घरात जाते, आणि तेवढी झोप किंवा वॉर्डमधला वेळ कमी होतो. परीक्षेआधी नव्या कार्डांचा आकडा शून्यावर आणायचा, उजळणी चालू ठेवायची.

व्हिडिओची तारीख पाहिल्याशिवाय तो दाखवू नका. सीपीआरच्या 2010 पूर्वीच्या व्हिडिओंत आधी श्वसनमार्ग आणि श्वास, मग छातीदाब असा क्रम आहे. 2010 च्या सूचनांनी छातीदाब पुढे आणला, आणि 2015 मध्ये खोलीला 6 सेंटीमीटरची व वेगाला 120 ची वरची मर्यादा आली. जुने व्हिडिओ आजही शोधात वरच सापडतात.

रुग्णाची ओळख

ही चूक परत घेता येत नाही, त्यामुळे इथे घाई नको. स्लाइडमध्ये फोटोचा नाव असलेला भाग कापला तरी तो फाईलमध्ये तसाच राहतो. फाईल मिळालेली कोणीही व्यक्ती तो परत उघडू शकते. पॉवरपॉइंटमध्ये "कॉम्प्रेस पिक्चर्स"मध्ये जाऊन कापलेला भाग कायमचा काढा. पीडीएफमध्ये नावावर काळी पट्टी ओढली तर खालची अक्षरं अनेकदा निवडून कॉपी करता येतात. पान आधी चित्रात रूपांतरित करा. डायकॉम फाईलमध्ये (स्कॅन साठवायचा ठरलेला प्रकार) नाव, जन्मतारीख, क्रमांक आत लपलेले असतात, आणि अल्ट्रासाउंडमध्ये तेच बहुतेकदा चित्रावरच छापलेले असतात. एक पुसून दुसरं राहतं. फोनवर काढलेल्या फोटोत जागेची आणि वेळेची नोंद असते. डोक्याच्या एमआरआयमधून चेहरा पुन्हा उभा करता येतो: 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात चेहरा ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने 84 पैकी 70 जण अशा स्कॅनवरून बरोबर ओळखले. बाहेर पाठवायच्या स्कॅनमधून चेहऱ्याचा भाग काढून टाकणारी सॉफ्टवेअर मिळतात, ती वापरा.

उपचाराला दिलेली संमती शिकवण्यासाठी चालत नाही. ती वेगळी, लेखी घ्यायची. चित्र कुठे दाखवलं जाईल आणि रुग्णाने नंतर नकार दिला तर काय होईल हे त्याच्या भाषेत सांगून. विद्यार्थ्यांच्या मोबाइल ग्रुपवर रुग्णाचा फोटो एकदा पडला की तो प्रत्येकाच्या गॅलरीत आणि तिथून क्लाउडवर आपोआप जातो. असा फोटो ग्रुपवर टाकायचाच नाही, हा एकच नियम पाळता येण्यासारखा आहे.

बाकीचं थोडक्यात

व्हीआर हेडसेटमध्ये मळमळ आणि चक्कर येते, कारण डोळ्यांना हालचाल दिसते आणि आतल्या कानाला ती जाणवत नाही. पहिली सत्रं बसून, 15 मिनिटांच्या आत. अपस्माराचा त्रास आहे का हे आधी एकांतात विचारा. फेसपॅड दर विद्यार्थ्यामागे पुसा.

ऑनलाइन बहुपर्यायी परीक्षा ओळखण्याची क्षमता मोजते, आठवण्याची नाही. निकालात तिचा वाटा मर्यादित ठेवा आणि इंटरनेट तुटलं तर काय करायचं हे प्रश्नपत्रिकेच्या आधी छापून द्या. डिजिटल लॉगबुकमध्ये "केलं" असा एकच रकाना असेल तर तो बदला: पाहिलं, मदत केली, देखरेखीखाली केलं, एकट्याने केलं. प्रत्येक नोंदीखाली काय अवघड गेलं याची एक ओळ सक्तीची करा, आणि कॉपी-पेस्ट बंद करा.

साधन ठेवायचं की नाही

सुरू केल्यावर तीन महिन्यांनी दहा विद्यार्थी निवडा आणि तेच कौशल्य रुग्णापाशी, देखरेखीखाली करून घ्या. परीक्षक असा असावा, ज्याला या विद्यार्थ्यांचे सिम्युलेटरवरचे गुण माहीत नाहीत. गळतीच्या तक्त्यातली प्रत्येक लाल फुली त्याच्या यादीत हवी. सिम्युलेटरवर उत्तीर्ण झालेले विद्यार्थी एकाच ठिकाणी अडखळत असतील, तर ती फुली भरून काढण्याची पद्धत चुकली. ती बदलून पुढच्या तुकडीला पुन्हा तपासा. वेगवेगळ्या ठिकाणी अडखळत असतील, तर सराव कमी पडला. आणि साधनाशिवाय शिकलेल्या तुकडीपेक्षा काहीच फरक दिसत नसेल, तर त्या साधनाच्या देखभालीला, सुट्या भागांना आणि ते चालवणाऱ्या माणसाला लागणारा वेळ वॉर्डमधल्या शिकवणीकडे वळवा. सत्रात एकदा वीज आणि नेटवर्क मुद्दाम बंद ठेवून एक पूर्ण दिवस शिकवा. त्या दिवशी कोणता तास अडला ते तक्त्याच्या पाठीमागे लिहून ठेवा, पुढच्या सत्राची तयारी तिथूनच सुरू करायची.